साकळलेले रक्त आणि खोटा ठपका

पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयातले त्वचारोगतज्ज्ञ गास्तों मिलिआँ यांनी १९२९ साली पायांच्या एका विकाराचे वर्णन केले. घोट्यांभोवती आणि नडगीच्या खालच्या भागात लहानलहान जखमा होतात. आकाराने त्या चिमुकल्या, पण वेदना अशा की रात्रभर डोळ्याला डोळा लागू नये. जखमा बऱ्या व्हायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. त्या भरून आल्या की मागे हस्तिदंती पांढरे, वेडेवाकडे, चांदणीसारखे व्रण उरतात. भोवती लाल ठिपके आणि तपकिरी झाक. मिलिआँ यांनी या व्रणांना 'आत्रोफी ब्लांश', म्हणजे 'पांढरी झीज', असे नाव दिले. नाव दिल्यावर कारणही सांगायला हवे. त्यांनी बोट दाखवले ते उपदंश आणि क्षय या दोन रोगांकडे.

त्या काळात यात नवल नव्हते. ज्या रोगाचा ठाव लागत नाही, त्याच्या मुळाशी उपदंश किंवा क्षय असणार, हे युरोपीय वैद्यकाचे जवळजवळ गृहीतकच होते. पण हा विकार होतो तो प्रामुख्याने तरुण आणि मध्यमवयीन स्त्रियांना. उपदंश, आपल्या बोलीतली 'गरमी', हा शब्द स्त्रीच्या कपाळी लागला की तिचे काय होते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पायावरच्या जखमेची वेदना एकीकडे आणि चारित्र्यावरचा डाग दुसरीकडे.

आज आपल्याला ठाऊक आहे की या विकाराचा उपदंशाशी काही संबंध नाही. कातडीतल्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्त साकळते, गुठळीने वाहिनी बुजते, पुढच्या त्वचेला प्राणवायू मिळत नाही आणि तेवढा तुकडा मरतो. एवढे साधे वाक्य लिहिता यायला वैद्यकाला सत्तरएक वर्षे लागली. त्या वाटचालीत गमतीचा भाग असा की, ज्या उपदंशाचा ठपका खोटा होता, त्याच उपदंशाच्या रक्तचाचणीतून खरे उत्तर निघाले.

कातडीवरचे जाळे

या विकाराची एक थोरली बहीण आहे. थंडीत काही जणांच्या मांड्यांवर, पोटऱ्यांवर निळसर जांभळे जाळे उमटते. लॅटिनमध्ये काळेनिळे पडण्याला 'लिव्हेडो' म्हणतात, त्यावरून वैद्यकात या जाळ्याला तेच नाव पडले. जाळे का दिसते, याचे उत्तर त्वचेच्या रचनेत आहे. खालून येणारी बारीक धमनी वर येताना झाडासारखी फुटते आणि त्वचेच्या एका वाटोळ्या तुकड्याला रक्त पुरवते. तुकड्याच्या मध्यभागी ताजे रक्त असते, तर कडेला नीलांतले, प्राणवायू गमावलेले रक्त गोळा होते. प्रवाह मंदावला की या कडा निळ्या दिसू लागतात आणि शेजारशेजारच्या तुकड्यांच्या कडा मिळून जाळे तयार होते.

थंडीने उमटणारे, ऊब मिळताच विरणारे, सलग कड्यांचे जाळे बहुधा निरुपद्रवी असते. पण कधी कडी तुटकी असतात, विजेच्या रेघेसारखी फाटे फुटलेली, आणि ऊब मिळाली तरी ती जात नाहीत. अशा जाळ्याचा अर्थ असा की खालची एखादी वाहिनी नुसती आकसलेली नाही, ती अडली आहे. व्हिएन्नाच्या सालोमोन एरमान यांनी १९०७ साली हे तुटके जाळे वेगळे ओळखले. त्यांच्या लेखाचे शीर्षकच 'उपदंशातील एक वाहिनीविकार' अशा अर्थाचे होते. म्हणजे मिलिआँ यांच्या बावीस वर्षे आधी पहिला ठपका लागून गेला होता.

बैलाच्या हृदयातले रहस्य

एरमान यांचा लेख येण्याच्या एकच वर्ष आधी, १९०६ मध्ये, बर्लिनच्या आउगुस्ट वॉसरमन यांनी आल्बर्ट नायसर आणि कार्ल ब्रुक यांच्यासह उपदंशाची रक्तचाचणी जाहीर केली होती. उपदंशाचा जंतू त्याआधीच्याच वर्षी सापडला होता. चाचणीमागचा तर्क सरळ होता. उपदंशाने दगावलेल्या गर्भाच्या यकृताचा अर्क घ्यायचा, त्यात जंतू असणारच. रुग्णाच्या रक्तात जंतूविरुद्ध प्रतिपिंडे असतील तर ती अर्काशी जुळतील.

तर्क सुबक होता, पण चुकीचा निघाला. लवकरच कार्ल लँडस्टायनर आणि इतरांनी दाखवून दिले की उपदंशाचा वाराही न लागलेल्या ऊतींचा, अगदी बैलाच्या हृदयाचा अर्कसुद्धा तेच काम करतो. म्हणजे चाचणी जंतूला ओळखतच नव्हती. ती शरीरातल्याच कोणत्या तरी पदार्थाविरुद्धची प्रतिपिंडे ओळखत होती आणि ती उपदंशात वाढतात म्हणून चाचणी चालत होती. तत्त्व कोसळले, उपयोग टिकला. ल्वूव शहरातले वैद्य लुडविक फ्लेक यांना या विसंगतीने इतके झपाटले की १९३५ मध्ये त्यांनी तिच्यावर आख्खा ग्रंथ लिहिला. वैज्ञानिक सत्य सापडत नाही, ते माणसांच्या समूहात हळूहळू घडत जाते, हे त्यांचे प्रतिपादन. पुढे टॉमस कून यांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत फ्लेकचे ऋण मान्य केले.

बैलाच्या हृदयातला तो पदार्थ अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात काम करणाऱ्या मेरी पँगबॉर्न यांनी १९४१ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तो एक स्निग्ध पदार्थ निघाला, फॉस्फोलिपिड कुळातला. हृदयातून मिळाला म्हणून नाव कार्डिओलिपिन. आपल्याकडे गरोदरपणी जी 'व्हीडीआरएल' चाचणी वर्षानुवर्षे होत आली, ती याच पदार्थावर उभी आहे.

लग्नाआधीचा कायदा

१९३५ साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने लग्नापूर्वी वधूवरांची उपदंशाची रक्तचाचणी सक्तीची केली. पाठोपाठ अनेक राज्यांनी तसेच कायदे केले. महायुद्धात सैनिकांच्या चाचण्या झाल्या. कधी नव्हे ते लाखो धडधाकट माणसांचे रक्त तपासले गेले आणि एक अवघड प्रश्न पुढे आला. काही माणसांत चाचणी 'होकारार्थी' येई, पण उपदंशाचे एकही लक्षण नसे. जोडीदारही निरोगी असे.

अशा माणसाने काय करायचे? डॉक्टरचा कागद म्हणतो रोग आहे. ती व्यक्ती शपथेवर सांगते की शक्यच नाही. लग्न मोडायला, नवऱ्याने संशय घ्यायला, नको असलेली आर्सेनिकयुक्त औषधे टोचून घ्यायला तो कागद पुरेसा होता. हिवताप आणि कुष्ठरोग यांतही चाचणी खोटी साक्ष देते, हे लक्षात आले होते. आपल्यासारख्या देशात ही बाब फार महत्त्वाची होती.

सुटकेचा मार्ग निघाला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. रॉबर्ट नेल्सन आणि मॅनफ्रेड मेयर यांनी १९४९ मध्ये उपदंशाच्या जिवंत जंतूंवर आधारलेली खरीखुरी चाचणी काढली. ती किचकट होती, महाग होती, पण निःसंदिग्ध होती. तिच्या आधारे त्याच संस्थेतले जोसेफ अर्ल मूर यांनी खोट्या होकाराची माणसे वेगळी काढली आणि त्यांचा पाठपुरावा सुरू केला. १९५२ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांतून दिसले की, ज्यांची चाचणी वर्षानुवर्षे खोटा होकार देत राहते त्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे आणि त्यातल्या काहींना पुढे 'लुपस' होतो. लुपस म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटण्याचा विकार. ठपका खोटा होता, पण चाचणी अगदीच निरर्थक नव्हती. ती वेगळ्याच रोगाची वर्दी देत होती आणि ती वर्दी वाचणारे कोणी नव्हते.

परीक्षानळीत एक, शरीरात दुसरेच

त्याच १९५२ साली, त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये, लॉकार्ड कॉनली आणि रॉबर्ट हार्टमन यांनी लुपसच्या दोन रुग्णांची हकिकत लिहिली. त्यांच्या रक्तात असे काहीतरी होते की ते परीक्षानळीत गोठायला फार वेळ घेई. १९५७ मध्ये स्वीडनमध्ये लॉरेल आणि इंगा मारी निल्सन यांनी दाखवले की गोठण्यात अडथळा आणणारा हा घटक वॉसरमन चाचणीतल्या अर्काला चिकटतो. दोन कोडी एकाच धाग्यात गुंफली गेली. पुढे १९७२ मध्ये फाइनस्टाइन आणि रापापोर्ट यांनी या घटकाला 'लुपस अँटिकोॲग्युलंट', म्हणजे लुपसमधला गोठणरोधक, हे नाव दिले.

हे नाव म्हणजे वैद्यकाच्या कोशातली एक मोठी दिशाभूल. सगळ्याच गोठणरोधक रुग्णांना लुपस नसतो आणि शरीरात हा घटक गोठण रोखतही नाही, उलट रक्त साकळवतो. १९६३ मध्येच मेयो क्लिनिकच्या बोई आणि सहकाऱ्यांनी लुपसच्या अशा रुग्णांत गुठळ्या होतात हे नोंदवले होते.

असे उलटे का घडते? रक्त गोठण्याच्या साखळीतल्या काही पायऱ्या फॉस्फोलिपिडच्या पृष्ठभागावर पार पडतात. परीक्षानळीत हा पृष्ठभाग मोजकाच असतो. प्रतिपिंडांनी तो अडवला की साखळी रखडते. शरीरात मात्र वाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी असतात, प्लेटलेट असतात. प्रतिपिंडे त्यांना चिथावतात आणि ज्या अस्तराने रक्त वाहते ठेवायचे, तेच गुठळीला आसरा देऊ लागते. १९९० मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ही प्रतिपिंडे नुसत्या स्निग्ध पदार्थाला धरत नाहीत, त्याला बिलगलेले बीटा-टू-ग्लायकोप्रोटीन-वन हे रक्तातले प्रथिन त्यांना हवे असते.

शेफिल्ड, रोचेस्टर, किंग्स्टन

प्रयोगशाळेतली ही कथा चालू असताना त्वचारोगतज्ज्ञ आपल्या वाटेने चालले होते. या दोन वाटांची गाठ पडायला फार काळ गेला, आणि तोच या इतिहासातला सर्वांत खेदाचा भाग.

१९५५ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये फेल्डेकर, हाइन्स आणि किअरलंड यांनी पायांवरच्या जाळ्यासह उन्हाळ्यात चिघळणाऱ्या जखमांचे वर्णन केले. १९६५ मध्ये इंग्लंडच्या शेफिल्ड शहरातले त्वचारोगतज्ज्ञ इयन स्नेडन यांनी सहा रुग्णांची नोंद केली. त्यांच्या अंगावर ते तुटके जाळे होते आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांना इजा होऊन झटकेही येऊन गेले होते. कातडीवरचे जाळे ही मेंदूतल्या अडथळ्याची आगाऊ सूचना असू शकते, ही त्यांची मोठी देणगी. 'स्नेडन सिंड्रोम' हे नाव त्यावरूनच पडले.

१९६७ मध्ये पुन्हा मेयो क्लिनिकच्या बार्ड आणि विंकेलमन यांनी पांढऱ्या झिजेच्या त्वचेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. वाहिन्यांच्या भिंती काचेसारख्या जाड झालेल्या, आत फायब्रिनचे गोळे. दाह मात्र किरकोळ. तरी त्यांनी नाव दिले ते 'व्हॅस्क्युलायटिस', म्हणजे वाहिनीदाह. डोळ्यांनी पाहिले एक आणि नावात लिहिले दुसरे. याचा परिणाम पुढच्या कित्येक रुग्णांना भोगावा लागला. दाह म्हटला की स्टेरॉइड आलेच. सूज वाढणे, साखर चढणे, हाडे ठिसूळ होणे असे सगळे भोग वाट्याला आले आणि जखमा मात्र परतपरत होत राहिल्या.

दोन वाटा जोडणारे नाव ग्रॅहम ह्यूज यांचे. १९७५ मध्ये हे इंग्रज डॉक्टर जमेकाच्या किंग्स्टन शहरात काम करत होते. तिथे पाय ताठरून लुळे पडण्याचा एक विकार आढळे आणि त्या रुग्णांपैकी अनेकांची उपदंशाची चाचणी खोटा होकार देई. फॉस्फोलिपिडविरुद्धची प्रतिपिंडे मज्जातंतूंना इजा करत असतील का, असा प्रश्न ह्यूज यांनी मनात धरला. जमेकातल्या त्या विकाराचे कारण पुढे एक विषाणू निघाले, पण प्रश्न वाया गेला नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात परतल्यावर त्यांच्या गटातले नायजेल हॅरिस, अझीझ घरवी आदींनी १९८३ मध्ये कार्डिओलिपिनविरुद्धची प्रतिपिंडे मोजण्याची, जुन्या चाचणीपेक्षा कितीतरी पटींनी संवेदनशील अशी पद्धत काढली.

त्याच वर्षी ह्यूज यांनी एका लेखात आणि ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञांपुढे दिलेल्या व्याख्यानात चित्र पूर्ण केले. वारंवार गुठळ्या, वारंवार गर्भपात, मेंदूचे विकार, प्लेटलेट कमी होणे आणि कातडीवरचे जाळे, ही सगळी एकाच दोषाची रूपे. या दोषाचे नाव 'अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम'. ज्या स्त्रीच्या चाचणीवरून तिच्या चारित्र्याबद्दल कुजबुज झाली, जिची गर्भारपणे एकामागून एक वाया गेली, तिचे पायांवरचे जाळे आणि रिकामी कूस एकाच प्रतिपिंडाने बांधलेली होती. गर्भपातांची संगती तर अधिकच क्रूर होती. गर्भपात हेही उपदंशाचे एक ठळक लक्षण. खोटी चाचणी आणि गेलेला गर्भ, हे दोन पुरावे एकत्र आले की शंकेला जागा उरत नसे.

१९९७ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातल्या राज राय, लेस्ली रेगन आणि सहकाऱ्यांनी अशा ९० स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसती ॲस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. ॲस्पिरिनला हेपॅरिनची जोड दिली, तेव्हा हे प्रमाण ७१ टक्के झाले. हेपॅरिन हे रक्त साकळू न देणारे, अनेक दशके वापरात असलेले औषध. औषध हाताशी होते. ते कोणाला द्यायचे, हे कळायला एवढा काळ लागला.

नाव बदलले, उपचार बदलला

पांढऱ्या झिजेबाबतही हीच उलथापालथ झाली. १९९२ मध्ये मॅककॅलमोंट आणि सहकाऱ्यांनी शीर्षकातच प्रश्न विचारला की हा वाहिनीदाह की गुठळ्यांचा वाहिनीविकार. १९९८ पर्यंत 'लिव्हेडॉइड व्हॅस्क्युलोपॅथी' हे दाहाचा उल्लेख टाळणारे नाव रुळू लागले. २००६ मध्ये मेयो क्लिनिकने ४५ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली आणि त्यातल्या अनेकांत रक्त साकळण्याकडे कल असल्याचा काही ना काही पुरावा मिळाला.

हा कल अनेक वाटांनी येतो. गोठण ही शरीरात तारेवरची कसरत असते. एका बाजूला गुठळी करणारी साखळी आणि दुसऱ्या बाजूला तिला लगाम घालणारी प्रथिने. नॉर्वेच्या एगेबर्ग यांनी १९६५ मध्ये एका कुटुंबात अँटिथ्रॉम्बिन हा लगाम कमी असल्याचे दाखवले. १९८१ मध्ये प्रोटीन-सीची आणि १९८४ मध्ये प्रोटीन-एसची आनुवंशिक उणीव समोर आली. १९९४ मध्ये हॉलंडच्या लायडन शहरात पाचव्या गोठणघटकातला एक जनुकीय बदल सापडला. त्यामुळे हा घटक लगामाला जुमानत नाही. हा बदल युरोपीय वंशाच्या लोकांत बऱ्यापैकी आढळतो, इतरत्र कमी. या सर्वांची नावे आता लिव्हेडॉइड विकाराच्या तपासणीत येतात. तरी काही रुग्णांत कोणताच दोष सापडत नाही, हेही खरे.

मग पायच का? कारण तिथे रक्त हृदयापासून सर्वांत दूर, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध चढायचे असते, तापमान कमी असते आणि प्रवाह मंद असतो. जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्शो यांनी एकोणिसाव्या शतकात गुठळीचा विचार मांडला. त्यातूनच पुढे मंदावलेला प्रवाह, बिघडलेले अस्तर आणि साकळू पाहणारे रक्त हे त्रिकूट प्रचलित झाले. घोट्याजवळची त्वचा या तिन्हींचा संगम आहे.

उपचारही आता या दिशेने जातात. २०१६ मध्ये जर्मनीतल्या अनेक केंद्रांनी मिळून रिव्हरोक्साबन या गोठणरोधक गोळीची छोटी चाचणी केली आणि वेदना लक्षणीय कमी झाल्याचे नोंदवले. पण हीच गोळी सर्वांना चालत नाही. ज्यांच्या रक्तात अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांच्या तिन्ही चाचण्या होकारार्थी येतात, अशा रुग्णांवर इटलीत झालेला अभ्यास २०१८ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. जुन्या वॉरफरिनपेक्षा या गोळीने त्यांना गुठळ्यांचा त्रास अधिक झाला होता. वॉरफरिनही निर्धोक नाही. सुरुवातीच्या दिवसांत ते लगाम घालणारे प्रोटीन-सी आधी खाली आणते. ज्याच्यात ते मुळातच कमी, त्याच्या कातडीतल्या वाहिन्या गोठून त्वचा काळी पडू शकते. रक्त साकळू न देणारे औषधच रक्त साकळवते, हा या विषयातला दुसरा उलटा न्याय. त्यामुळे नेमके निदान झाल्याशिवाय औषध देणे म्हणजे अंधारात बाण मारणे.

ठपक्याचा हिशेब

अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमच्या व्याख्या १९९९ आणि २००६ मध्ये ठरल्या, तेव्हा त्वचेच्या खुणांना त्यांत स्थान मिळाले नव्हते. २०२३ मध्ये अमेरिकन आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी नवे निकष जाहीर केले. त्यांत सूक्ष्म वाहिन्यांच्या विकारांत तुटके जाळे आणि लिव्हेडॉइड व्हॅस्क्युलोपॅथी यांची गणना झाली. एरमान यांनी ज्या जाळ्याला उपदंशाच्या खात्यात टाकले होते, ते ११६ वर्षांनी योग्य खात्यात जमा झाले.

दरम्यान झालेल्या नुकसानीचा हिशेब कोणत्याही निबंधात मिळत नाही. मोडलेली लग्ने, संशयाने तुटलेले संसार, उपदंश नसताना घेतलेली विषारी औषधे, दाह नसताना खाल्लेली स्टेरॉइड, यांची नोंद रुग्णालयांच्या वह्यांत नसते. मिलिआँ, एरमान, वॉसरमन ही माणसे निष्काळजी नव्हती. आपल्या काळाच्या उजेडात ती प्रामाणिकपणे पाहत होती. पण त्या काळाच्या उजेडात स्त्रीच्या अंगावरचा न उलगडणारा डाग दिसला की आधी तिच्या वागण्याकडे पाहिले जाई आणि मग रक्ताकडे.

आपल्याकडे आजही गरोदर स्त्रीची उपदंशाची चाचणी होते, आणि ती व्हायलाच हवी, कारण खरा उपदंश वेळीच सापडला तर पेनिसिलिनने बाळ वाचते. मात्र अहवालात 'होकारार्थी' हा शब्द आला, तर पुढची खात्रीची चाचणी होईपर्यंत घरात एक वाक्यही बोलले जाऊ नये, एवढा धडा या इतिहासातून नक्की घेता येईल. आणि ज्या बाईचे गर्भ राहून राहून गळतात, जिच्या पोटरीवर थंडीनंतरही न जाणारे निळे जाळे आहे, जिच्या घोट्याची जखम महिनोन्‌महिने भरत नाही, तिला नवससायास किंवा मलमाची नवी नळी सुचवण्याआधी तिचे रक्त नीट तपासून घ्यायला हवे.